नंबर ०११८ : पाच एचपीची पाणबुडी मोटार

मोटार जानेवारीत जालन्याहून आणली आणि मे महिन्यात जळाली. मोसंबीला पाण्याची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच. कंपनीचं नाव लिहीत नाही. कारखाना लहान आहे, वाद नको. वॉरंटीचं विचारलं तर दुकानदार म्हणाला, "सर, व्होल्टेजचा दोष. यंदा पाच हजार मोटारी गेल्या आपल्या, कुणाची तक्रार नाही."

पाच हजार! मी ज्युनिअर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे हा आकडा काही केल्या डोक्यातून जाईना.

अंबडला रिवाइंडिंगवाल्या मामांकडे मोटार टाकली. दारात जळक्या मोटारींचा ढीग होता, त्यात याच कंपनीच्या यंदाच्या सात, माझी धरून. नेमप्लेटवर आधी वर्ष, मग नंबर. मामा म्हणाले, नंबर दरवर्षी एकपासून सुरू होतो. खिशातल्या वीजबिलाच्या पाठीवर उतरवून घेतले : १९, ४६, ७१, ११८, १३३, १९०, २२४. सगळ्यात मोठा २२४. त्याला सातनं भागलं की ३२. दोन्हींची बेरीज करून एक वजा केला : २५५. म्हणजे यंदा बनलेल्या एकूण मोटारींचा अंदाज.

ही युक्ती माझी नाही. दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या जर्मन विमानांच्या इंजिनांवरच्या पाट्या ब्रिटनमध्ये अशाच उतरवून घेत. लंडनच्या अमेरिकन वकिलातीतल्या अर्थयुद्ध विभागानं १९४३पासून रणगाडे, टायर यांच्या नंबरांवरून शत्रूचं उत्पादन काढलं. हेरांच्या मते जून १९४०मध्ये महिन्याला १,००० रणगाडे बनत होते. नंबरांवरून आले १६९. युद्धानंतर जर्मनांची दप्तरं उघडली तर निघाले १२२. ऑगस्ट १९४२चं तर बघा : हेर १,५५०, नंबर ३२७, दप्तर ३४२. रगल्स आणि ब्रॉडी या अमेरिकन अभ्यासकांनी हे १९४७मध्ये छापलं. दरवर्षी वर्गात सांगतो, पण स्वतःच्या मोटारीवर वापरायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

आता खोट कुठे आहे तेही सांगतो. जुनी मोटार जास्त दिवस चाललेली, म्हणून ढिगात जुनेच नंबर जास्त येणार. म्हणजे माझा आकडा कमी पडत असेल. चारशे धरा, पाचशे धरा. पाच हजार मात्र होत नाहीत की राव.

आणि फरक नुसत्या फुशारकीचा नाही. पाच हजारांत सात जळाल्या तर मी गप्प बसलो असतो. अडीचशेत सात, त्याही एकाच तालुक्यातल्या एका दुकानात, पाच महिन्यांत! बाकीच्या तालुक्यांतले ढीग कुणी मोजलेत?

दुकानदाराचं पूर्ण खोटं नाही. मामांनी सातही उघडून दाखवल्या. चारांत काही गुंडाळ्या पार कोळसा, काही कोऱ्या, म्हणजे तीनपैकी एक फेज गेलेला असताना मोटार चालली. तो दोष लाईटचा आणि आमच्या स्टार्टरचा. उरलेल्या तिघांचं मामांनी एका वाक्यात उरकलं, "तार बारीक हाय." माझी त्या तिघांत.

पाणी म्हणाल तर चांगलं फेकते, आवाज नाही, कमी व्होल्टेजवरही उचलते. रिवाइंडिंगनंतर आजतागायत कुरकुर नाही, पण ते श्रेय मामांचं. मोटारीला अडीच तारे, मामांना पाच. दुकानदाराला वीजबिलावरचं गणित दाखवलं तेव्हा तो हसून म्हणाला, "सर, पाच हजार म्हणजे आपलं बोलायचं असतं." आणि चहा मागवला.