नदी सरकलीच नव्हती! जुन्या टोपोशीटसोबत आठ महिने

आठ महिन्यांपूर्वी एका नदीखोऱ्याच्या दोन जुन्या टोपोशीटचे, म्हणजे उंचसखलपणा, नद्या, रस्ते दाखवणाऱ्या सर्वेक्षण-नकाशांचे, स्कॅन हाती आले. एक 'इंची', म्हणजे 1:63,360, एका इंचाला एक मैल. दुसरी नंतरची, मेट्रिक, 1:50,000. तेव्हापासून बऱ्याच संध्याकाळी त्यांच्यातच जातात.

पहिल्याच महिन्यात फजिती झाली. क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणकप्रणालीत इंची शीटचे चार कोपरे अक्षांश-रेखांश टाकून बसवले, खाली उपग्रहचित्र लावलं, तर नदी चांगली शेतभर सरकलेली! मित्रांना कळवूनही मोकळा झालो. मग पाहतो तर दगडी पूलही तेवढाच, त्याच दिशेला सरकलेला. घोळ डेटमचा होता, म्हणजे अक्षांश-रेखांश पृथ्वीच्या कुठल्या मापाच्या आकारावरून मोजायचे त्या पायाचा. आपल्या जुन्या शीट एव्हरेस्ट 1830 या गोलाभावर (पृथ्वीच्या किंचित चपट्या गोल आकारावर) बेतलेल्या, उपग्रहचित्रं डब्ल्यूजीएस 84 वर. आकडे तेच, जागा वेगळी.

थिन प्लेट स्प्लाइनपासूनही जपून. स्कॅन ताणून खऱ्या जागी बसवायची ही एक पद्धत. ती आपण दिलेला प्रत्येक ओळखीचा बिंदू बरोब्बर बसवते, त्यामुळे चूक शून्य दिसते आणि आपण खूश. मी एक बिंदू शेजारच्याच तिठ्यावर टाकला होता, तरी शून्य! आता साधं पॉलिनोमियल वापरतो, म्हणजे सगळ्या शीटला एकच सूत्र; बिंदू चुकला तर ते निदान कुरकुरतं.

शीट वाचायला मात्र मजा येते. ओढ्यावर समोच्च रेषांची (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांची) टोकं उगमाकडे वळतात, कोरडे ओढे काळे, बारमाही पाणी निळं. पण मेट्रिक शीटवर दोन रेषांत 20 मीटर उंचीचं अंतर, म्हणजे सपाट तळखोरं जवळजवळ कोरंच. तिथे काठाशी बारीक '5आर' लिहिलेलं असतं. मी तो छपाईचा डाग समजत होतो. तो काठाचा उंचवटा निघाला, 5 मीटर.

सगळ्यात जास्त गुंतलो तो एका वळशात. इंची शीटवर नदीला तो आहे, मेट्रिकवर नाही. प्रत्यक्ष जाऊन पाहिलं तर साधं शेत. पण बांध सरळ नाही, चंद्रकोरीसारखा वळत गेलेला. बांधाच्या आत माती बुटाला लोळे धरून चिकटते, बाहेर चार पावलांवर वाळूसारखी भुरभुरीत. जुनं पात्र गाळाने भरलं, त्याचा काठ बांधाने तेवढा धरून ठेवलाय.

तक्रार एकच, पण मोठी. इंची शीटच्या स्कॅनमध्ये समास कापून टाकलाय. छपाईचं वर्ष कसंबसं राहिलं, सर्वेक्षणाचं गेलं. या दोन्हींत कित्येक वर्षांचं अंतर असू शकतं, त्यामुळे वळसा कुठल्या काळात तुटला ते सांगता येत नाही. समासासकट दुसरी प्रत मागवली आहे. ती येईपर्यंत त्या शेतावर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह.