एडीएचडीची गोळी: हंगामभर वापरल्यानंतर

एडीएचडी म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा विकार. त्यावरची मेथिलफेनिडेट ही गोळी घेत माझा आंब्याचा अख्खा हंगाम पार पडला, आता कोकमाचं आगळ भरायचं काम चालू आहे. गोळी उत्तम आहे. ती मिळवायला जे करावं लागतं त्याने मात्र मी संतापले आहे. गेल्या आठवड्यात कोल्हापुरातल्या दुकानातून रिकाम्या हाताने कुडाळला परतले, म्हणून लिहायला बसले.

कारण काय, तर चिठ्ठीची दुसरी प्रत नव्हती. हे औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियमांखाली विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत येतं. विकायला दुकानाला वेगळा परवाना लागतो, माल कुलपात ठेवावा लागतो, आणि चिठ्ठी दोन प्रतींत लागते. त्यातली एक दुकानदाराला दोन वर्षं सांभाळावी लागते. या गोळीचा गैरवापर होतो, त्यामुळे नियम मला मान्य आहे. पण दवाखान्याच्या काउंटरवर बसणाऱ्यांना तो माहीत नको? त्यांनी एकच कागद दिला. दुकानदार म्हणाले, "ताई, झेरॉक्स चालत नाही, डॉक्टरांची सही लागते." तोवर डॉक्टर निघून गेले होते. बायकांना एसटीचं तिकीट अर्धं आहे हे खरं, पण फोंडा घाटातून जाऊन येण्यात दिवसाचा धंदा बुडतो. तो धरला तर गोळीपेक्षा ती आणण्याचाच खर्च जास्त. व्हिडिओ कॉलवर चिठ्ठी घ्यावी म्हटलं, तर २०२०च्या टेलिमेडिसिन नियमांत शेड्यूल एक्सला मनाई आहे.

निदानाबद्दल तक्रार नाही. लक्षणं बारा वर्षांच्या आतली असावी लागतात, म्हणून डॉक्टरांनी आईला फोन लावला. आई म्हणाली, "ह्या ल्हान असल्यापासना असाच, दप्तर शाळेत नि चेडू घरात." शाळेत मी गप्प बसायचे, कुणाला त्रास नव्हता, म्हणून कुणी बघितलंही नाही. गोळी लिहिण्याआधी रक्तदाब, नाडी तपासली, घरात कुणाला हृदयविकार आहे का ते विचारलं. तुमच्याकडे हे न विचारता कुणी गोळी लिहून देत असेल तर तिथून उठा.

फरक सांगायचा तर, जीएसटीचं रिटर्न या हंगामात वीस तारखेच्या आत गेलं. पेट्यांच्या ऑर्डरी मी एका वहीत लिहिते आणि ती वही मला सापडते. गिऱ्हाईक बोलत असताना मी त्याचं शेवटपर्यंत ऐकते. पस्तिशी उलटल्यावर हे पहिल्यांदा घडतंय, आणि "आळशी" हा शब्द ऐकत मोठ्या झालेल्या बाईला त्याचं मोल किती ते दुसऱ्याला सांगून कळणार नाही. साधी गोळी तीन-चार तास चालते, म्हणून मी सकाळी आणि दुपारी घेते. संध्याकाळी घेतली की झोप गेलीच. दुपारी भूक मरते, समोर बांगड्याचं तिखलं असलं तरी. त्यामुळे सकाळी पेज पोटभर खाऊनच गोळी.

त्याआधी ॲटोमॉक्सेटिन हे एडीएचडीचंच दुसरं औषध चालू होतं. मळमळायचं, आणि परिणाम दिसायला काही आठवडे जावे लागतात. मला धीर नव्हता. कुणी विचारलं की "त्याच्या नादी लागू नका" असंच सांगायचे. आता तसं म्हणणार नाही. ते शेड्यूल एक्समध्ये नाही. आमच्या बाजारातला केमिस्ट साध्या चिठ्ठीवर मागवून देतो. पावसात घाटात दरड आली की कोल्हापूर तुटतं, तेव्हा गावात मिळणारं औषध हाताशी असणं मोठी गोष्ट आहे. पावसाळ्याआधी डॉक्टरांशी याबद्दल बोलणार आहे. आपल्या मनाने औषध बदलणार नाही.

मेथिलफेनिडेट चालू असेल तर डॉक्टरांच्या खोलीतून उठण्याआधी दोन्ही कागदांवर सही, तारीख आणि गोळ्यांची संख्या बघून घ्या. काउंटरवर विसंबू नका. आणि घाट चढण्याआधी दुकानात फोन करून माल आहे का विचारा.