एसी 20 वर, 24 वर की 27 वर? घराचा हिशोब वेगळा, दुकानाचा वेगळा

आधी दोन नियमांतला गोंधळ काढू. 1 जानेवारी 2020 पासून स्टार लेबलच्या रूम एसीचं मूळ सेटिंग 24 अंश असणं बंधनकारक आहे. म्हणजे नवा एसी चालू केला की 24 दिसतो, पुढे रिमोटनं आकडा बदलता येतो. दुसरी गोष्ट जून 2025 मधली. घर, दुकान, गाडी, सगळीकडे एसीची मर्यादाच 20 ते 28 ठेवायची, असं केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल यांनी जाहीर केलं. पहिला फक्त सुरुवातीचा आकडा आहे, दुसरी खरीखुरी मर्यादा ठरेल, पण तेव्हा ती घोषणाच होती.

20 च्या खाली जाता आलं नाही तर मराठवाड्यातल्या घराचं काय बिघडेल? काहीच नाही. रिमोटवरचा आकडा म्हणजे गारव्याचा वेग नव्हे, कुठे थांबायचं ते ठिकाण. बाहेर 42-43 अंश आणि डोक्यावर दिवसभर तापलेला स्लॅब असेल, तर वरच्या मजल्यावरच्या खोलीत एक टनाचा एसी बऱ्याचदा 26 च्या खाली उतरतच नाही. त्याला 16 सांगा नाहीतर 20, कॉम्प्रेसर न थांबता पळत राहतो आणि मीटरही.

आता घराचा हिशोब. एका अंशामागे साधारण 6 टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो. 20 वर रात्रीचे 10 युनिट लागत असतील, तर महिन्याचे 300. 24 वर तेच सुमारे 235 होतात. 27 वर 195, पण मग पंखा लागतो. साधा 75 वॅटचा पंखा आठ तासांना महिन्याचे 18 युनिट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा त्याच्या निम्म्याहून कमी. घरातला बाकी वापर 150 युनिट धरला, तर 20 वरचं बिल 450 युनिटचं आणि 24 वरचं 385 चं. वाचलेले सगळे युनिट महावितरणच्या 301 ते 500 या महागड्या टप्प्यातले आहेत, म्हणून 65 युनिटची बचत दिसते त्यापेक्षा मोठी असते. 24 वरून 27 वर गेल्यावरचा फायदा मात्र बेताचा.

त्यातही ऋतू बघावा लागतो. एप्रिल-मेची हवा कोरडी, घाम लगेच सुकतो, त्यामुळे 27 आणि पंखा पुरतो. ऑगस्ट-सप्टेंबरात हवेत ओल असते. 27 वर एसी थांबून थांबून चालतो, ओल काढत नाही आणि अंथरूण चिकट लागतं. तेव्हा 25 ठेवा किंवा ड्राय मोड लावा.

उन्हाळ्यापुरताच प्रश्न असेल तर कूलर अजूनही एसीला तोडीस तोड आहे. वीज 200 वॅटच्या आसपास, पण आठ तासांत 50 लिटरहून जास्त पाणी सहज पितो. 2016 मध्ये ज्या लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथे हा खर्च विजेइतकाच मोजायला हवा. शिवाय बोअरचं जड पाणी एका हंगामात पॅडवर क्षार चढवतं. जुन्या माळवदाच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरात तर आम्ही कूलरच सुचवू: जाड मातीमुळे छत तापत नाही, आणि सान्यांतून (छतातल्या झरोक्यांतून) आणि फटींतून एसीची गार हवा निघून जाते.

दुकानदाराचं गणित इथून फुटतं. दीड टनाचे तीन एसी 20 वर दिवसाला 39 युनिट घेत असतील, तर 25 वर साधारण 29. महिन्याला 250 हून जास्त युनिट, तेही व्यापारी दरानं. पण ही बचत दार बंद असेल तरच. शटर सताड उघडं आणि वर पत्रा असेल, तर आकडा 20 ठेवा की 25, एसी तिथे पोचणारच नाही. अशा दुकानानं चौथा एसी घेण्याआधी काचेचं दार, त्याला डोअर क्लोजर आणि पत्र्याखाली ग्लासवूल (उष्णता अडवणारी काचेची लोकर) घातलेलं फॉल्स सीलिंग करावं. 20 किलोवॅटपुढचं कनेक्शन असेल तर मागणी आकारही लागतो, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढली त्यावरचा आकार. म्हणून सकाळी सगळे एसी एकदम लावू नका, अर्ध्या-अर्ध्या तासानं लावा.

मेडिकल दुकान आणि दवाखाना यांना 20 ते 28 च्या मर्यादेची धास्ती वाटते, ती बहुतेक ठिकाणी विनाकारण आहे. 25 अंशांखाली ठेवायच्या औषधांना 23-24 चं सेटिंग पुरतं. इन्सुलिन 2 ते 8 अंशांत लागतं आणि ते फ्रिजचं काम, एसीचं कधीच नव्हतं. ऑपरेशन थिएटरसाठी एनएबीएचचा (रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या संस्थेचा) निकष 21 अंश, तीन अंश कमी-जास्त. म्हणजे 20 च्या खाली, 18-19 लागलं तरच अडचण, आणि तिथे हवेच्या गाळणीसह वेगळी यंत्रणा लागते. भिंतीवरचा स्प्लिट एसी हा तिथला पर्यायच नाही.

जुना एसी ठेवायचा की नवा इन्व्हर्टर एसी घ्यायचा? रोज दोन तासच वापर असेल तर जुनाच चालवा. आठ-दहा तास असेल तर इन्व्हर्टर, कारण 24-25 वर तो मंद चालत राहतो. जुना पूर्ण ताकदीनं चालू-बंद होतो. लेबलवरचे वार्षिक युनिट 1600 तासांचे असतात, त्यांना 1600 नं भागा आणि तुमच्या वर्षभराच्या तासांनी गुणा. संध्याकाळी व्होल्टेज 180 च्या खाली येत असेल तर स्टॅबिलायझर घ्या, नाहीतर कॉम्प्रेसर जास्त करंट ओढून तापतो.

बसवताना स्वतंत्र लाइन, 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, 20 अँपिअरचा एमसीबी आणि चांगलं अर्थिंग. बाहेरचं युनिट पश्चिमेच्या उन्हात नको. वर सावली करा, पण पुढून गरम हवा मोकळी जाऊ द्या. फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवा. तो धुळीनं बुजलेला असताना एसी 18 वर रात्रभर चालवला, की कॉइलवर बर्फ धरतो आणि सकाळी भिंतीवरून पाणी गळतं. मेकॅनिक लगेच गॅस भरायला निघतो. आधी फिल्टर दाखवायला सांगा. गॅस खरंच कमी निघाला तर गळती शोधून, पंपानं व्हॅक्यूम करून मगच भरू द्या, आणि आर-32 प्रकारचा गॅस असेल तर वजन करून.