१० इंची वूफर, १ इंची ड्रायव्हर आणि हॉर्नची चुकलेली निवड: घरी बनवलेल्या पीए बॉक्सचा १४ महिन्यांचा अनुभव

सप्ताहाच्या चौथ्या दिवशी कीर्तनकारांनी चाल धरली, टाळकऱ्यांनी लय वाढवली आणि डाव्या स्पीकर बॉक्सच्या हॉर्नमधून, म्हणजे वरचे स्वर समोर फेकणाऱ्या भोंग्यातून, आधी कागद फाटल्यासारखी खरखर आली, मग काहीच येईना. खालचे स्वर काढणारा मोठा स्पीकर, म्हणजे वूफर, चालू होता, त्यामुळे मृदंग आणि पेटी ऐकू येत होती. शब्दांतले स, श, त मात्र त्या बाजूला बसलेल्या माणसांपर्यंत पोहोचत नव्हते. बॉक्स मी स्वतः बनवलेले होते, प्रत्येक भाग मी स्वतः निवडलेला होता आणि वापर जेमतेम चार महिन्यांचा झाला होता. त्याला आता १० महिने होऊन गेले. एवढ्या काळात त्या बिघाडाच्या कारणाबद्दलचे माझे मत पूर्ण उलटले आहे, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

आमचा सभामंडप सुमारे १८ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद आहे, वर पत्रा आहे आणि खाली फरशी. दीडशे माणसे बसतात. भाड्याचा साऊंड दर एकादशीला परवडत नव्हता आणि तो आला तरी शब्द कळत नसत, म्हणून भजनी मंडळासाठी दोन लहान बॉक्स करायचे ठरले. १० इंची वूफर, १ इंच तोंडाचा कम्प्रेशन ड्रायव्हर (हॉर्नच्या मागे बसून वरचे स्वर काढणारा भाग), १५ मिलिमीटरचा गर्जन प्लाय, दोन चॅनेलचे दोन अॅम्प्लिफायर आणि एक लहान डिजिटल क्रॉसओव्हर (खालचे स्वर वूफरला आणि वरचे हॉर्नला वाटून देणारे यंत्र), अशी जुळणी होती. खरेदी पुण्याच्या बुधवार पेठेत केली. ड्रायव्हर टायटॅनियम डायफ्रॅमचे, म्हणजे हलून आवाज काढणाऱ्या पातळ पडद्याचे, घेतले आणि त्यावर पैसे सोडले. हॉर्न मात्र समोर दिसले त्यांतले सर्वांत लहान निवडले, कारण बॉक्स अरुंद राहावा आणि दोन्ही बॉक्स गाडीच्या डिकीत मावावेत अशी इच्छा होती. तोंड १६ सेंटिमीटर रुंद आणि ९ सेंटिमीटर उंच, प्लास्टिकचे, ६५० रुपयांना एक. त्याच्या कागदावर ९० अंश गुणिले ४० अंश असे ठळक छापलेले होते, म्हणजे आवाज आडवा ९० आणि उभा ४० अंशांतच पसरेल. त्या ४० अंशांवर मी विश्वास ठेवला, आणि पुढचे सगळे प्रकरण त्याच आकड्यापाशी येऊन थांबते.

बिघाडानंतर ड्रायव्हर उघडण्याआधी मी मल्टिमीटर लावला. ८ ओहमच्या ड्रायव्हरची कॉईल, म्हणजे डायफ्रॅमला हलवणारी तारेची गुंडाळी, ६.१ ओहम दाखवत होती, म्हणजे ती शाबूत होती. दुकानात मात्र झाकण न उघडताच कॉईल जळाल्याचे आणि जळलेली कॉईल वॉरंटीत बसत नसल्याचे सांगण्यात आले. मी तिथेच मीटर लावून दाखवला. मग ड्रायव्हर कंपनीकडे पाठवतो म्हणून ठेवून घेतला, तीन आठवडे फोन उचलला नाही आणि शेवटी तोच ड्रायव्हर, त्याच चिकटपट्टीत, मला परत मिळाला. पाच फेऱ्या, प्रत्येक वेळी एसटीचे भाडे आणि अर्धा दिवस. तेव्हा त्या ड्रायव्हरबद्दल आणि दुकानाबद्दल मी जे बोललो असेन ते इथे लिहिण्यासारखे नाही. घरी येऊन चार स्क्रू काढले तेव्हा कॉईल स्वच्छ, चमकदार होती; डायफ्रॅमची कड मात्र अर्ध्या परिघात चिरलेली होती.

याच ठिकाणी माझे मत बदलायला सुरुवात झाली. कॉईल जळते ती उष्णतेने, म्हणजे जास्त वॅट दिल्याने. कड चिरते ती डायफ्रॅम गरजेपेक्षा जास्त पुढे-मागे हलल्याने. कमी वॅटवरही ते घडू शकते, जर त्याच्याकडून फार खालचे स्वर काढून घेतले जात असतील. ड्रायव्हरच्या माहितीपत्रकात क्रॉसओव्हर १६०० हर्ट्झच्या खाली नेऊ नये असे लिहिलेले होते. गायकाचा आवाज जास्तीत जास्त हॉर्नमधून यावा या हौसेने मी तो १२०० ला ठेवला होता. हॉर्न हवेचा भार देत असतो तोवर तोच आवाज एक सप्तक खाली काढायला डायफ्रॅमला दुप्पट हलावे लागते. भार सुटला की चौपट. माझ्या इतक्या लहान तोंडाच्या हॉर्नकडे १२०० हर्ट्झला भार देण्याची ताकद फारशी उरलेली नव्हती. दुकानदाराने सांगितलेले कारण खोटे होते आणि त्याने केलेली टोलवाटोलवी अक्षम्य होती, यावर मी आजही ठाम आहे. पण ड्रायव्हरमध्ये मूळचा दोष नव्हता, हेही मला मान्य करावे लागते.

आता त्या ४० अंशांकडे येतो. हॉर्नचे तोंड किती मोठे आहे त्यावर तो आवाजाला कोणत्या स्वरापर्यंत आवरून धरू शकतो हे ठरते. १ किलोहर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ३४ सेंटिमीटर असते. तिला ९ सेंटिमीटरच्या फटीने वळण लावता येत नाही. यासाठी हॉर्नचे अभ्यासक अभियंते डॉन कील यांनी १९७० च्या दशकात एक सोपे सूत्र दिले होते, ते मला कड चिरल्यानंतर सापडले. २५,४०० या आकड्याला कोनाच्या अंशांनी आणि तोंडाच्या मीटरमधल्या मापाने भागायचे. जो आकडा येईल त्या हर्ट्झच्या वरच तो कोन खरा. माझ्या हॉर्नला आडव्या दिशेने हे लावले तर २५,४०० भागिले ९० भागिले ०.१६, म्हणजे सुमारे १७६० हर्ट्झ येतात, जे एक वेळ चालण्यासारखे आहे. उभ्या दिशेने २५,४०० भागिले ४० भागिले ०.०९, म्हणजे ७०५० हर्ट्झच्या वर. माणसाच्या बोलण्यातील ज्या व्यंजनांवर शब्द कळणे अवलंबून असते ती बहुतांश २ ते ४ हजार हर्ट्झच्या आसपास असतात. म्हणजे ज्या पट्ट्यासाठी मी हॉर्न घेतला त्या पट्ट्यात छापील ४० अंश अस्तित्वातच नव्हते. आवाज वर पत्र्यावर आणि खाली फरशीवर सारखाच फेकला जात होता. चार महिने मी मंडपाला दोष देत होतो, पत्र्याखाली गोधड्या टांगायच्या का यावर मंडळाची एक बैठकसुद्धा झाली होती, आणि कीर्तनकारांचा माईक सारखा शिट्टी का मारतो म्हणून तीन माईक बदलून झाले होते.

हे समजल्यावर मी ड्रायव्हर तेच ठेवले आणि हॉर्न बदलले. नवीन हॉर्न अॅल्युमिनियमचा आहे, तोंड २७ सेंटिमीटर रुंद आणि १७ सेंटिमीटर उंच, कोन ९० गुणिले ६०, किंमत १,९०० रुपये. उभ्या दिशेने कोन कमी सांगणारा हॉर्न सोडून जास्त सांगणारा घेतला, तरी प्रत्यक्षात आवाज जास्त आवरला गेला, कारण याचे ६० अंश सुमारे २५०० हर्ट्झपासून खरे आहेत आणि आडवे ९० अंश तर १०५० पासून. समोरची फळी नवीन करावी लागली आणि बॉक्सची रुंदी ३३ सेंटिमीटर झाली. तरीही दोन्ही डिकीत मावतात, फक्त आडवे ठेवावे लागतात. पहिल्याच हरिपाठाला मी मिक्सरची दांडी शिट्टी येईपर्यंत वर नेऊन पाहिली. जुन्यापेक्षा ४ ते ५ डेसिबल जास्त जागा मिळाली, तीही त्याच माईकवर आणि त्याच जागेवर. मागच्या खांबापाशी बसणाऱ्या एका ज्येष्ठ वारकऱ्यांनी, आज चरण नीट ऐकू आले, असे आपण होऊन सांगितले, आणि मला तेवढ्याने झालेला खर्च वसूल झाल्यासारखे वाटले.

क्रॉसओव्हर १६०० वर नेला तेव्हा आणखी एक गोष्ट जुळून आली. १० इंची वूफर जसजसा वरचे स्वर काढतो तसतसा त्याचा झोत अरुंद होत जातो आणि साधारण १६०० हर्ट्झला तो ९० अंशांवर येतो. हॉर्नही ९० अंशांचा असल्याने बाजूला बसलेल्याला वूफर आणि हॉर्न यांच्यातला सांधा जाणवत नाही. १२ इंचीला हीच वेळ १३०० च्या आसपास येते आणि त्यासाठी खाली उतरणारा मोठा ड्रायव्हर लागतो. लहान बॉक्ससाठी १० इंची सोयीचा का, याचे मला पटलेले कारण हे आहे. वजन आणि किंमत हे त्याच्या नंतरचे मुद्दे. हॉर्नमागचा डायफ्रॅम वूफरच्या शंकूपेक्षा सुमारे ७ सेंटिमीटर मागे बसतो, म्हणून वूफरला ०.२ मिलिसेकंदाचा विलंब दिला. तो बरोबर आहे का हे पाहण्यासाठी हॉर्नच्या तारा उलट्या जोडून १६०० च्या आसपासचा आवाज ऐकावा. तिथे स्पष्ट खड्डा पडला तर विलंब बरोबर. मग तारा पुन्हा सरळ कराव्यात, हे मुद्दाम लिहितो.

टायटॅनियमबद्दलचे मतही आता पूर्वीचे राहिलेले नाही. सुट्या डायफ्रॅमसाठी मी शेवटी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर गेलो आणि तिथे त्याच मापाचा पॉलिएस्टरचा १,१०० रुपयांना मिळाला. काही दिवस एका बॉक्समध्ये टायटॅनियम आणि दुसऱ्यात पॉलिएस्टर असे चालवले. वरच्या टोकाला टायटॅनियम अधिक मोकळा वाजतो हे खरे आहे. पण २० जोड्या टाळ एकत्र वाजू लागले की त्याच्या बाजूने एक धातूचा किणकिणाट उरतो आणि तासाभराने तो कानाला टोचू लागतो. पॉलिएस्टरच्या बाजूला टाळ टाळासारखे वाजतात. दुसऱ्या बॉक्समध्येही आता पॉलिएस्टरच आहे. डायफ्रॅम बसवताना फटीत धूळ राहू देऊ नये आणि स्क्रू आवळताना हळू आवाजात घसरता स्वर चालू ठेवावा. कॉईल कुठे घासत असेल तर लगेच कळते.

वॅटवर पैसे घालवू नयेत, हे मात्र मला पहिल्या दिवसापासून वाटत होते आणि आजही वाटते. हॉर्नसह ड्रायव्हरची संवेदनशीलता (तेवढ्याच वॅटला किती आवाज निघतो ते) १०७ डेसिबल आणि वूफरची ९५. हा १२ डेसिबलचा फरक म्हणजे वीजशक्तीत १६ पट. वूफरला १०० वॅट मिळतात तेव्हा हॉर्नला ६ वॅट पुरतात. रुंद कोनाच्या हॉर्नवर ३-४ हजार हर्ट्झच्या पुढे आवाज दर सप्तकाला सुमारे ६ डेसिबल उतरत जातो आणि तो उचलून घ्यावा लागतो, तेवढ्यापुरती शक्ती जास्त धरावी. तेवढे धरूनही ३० वॅटचा ड्रायव्हर आमच्या कामाला भरपूर झाला. हॉर्नच्या तारेत ३३ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर मात्र जरूर टाकावा. ८ ओहमला तो ६०० हर्ट्झपासून खालचे अडवतो, क्रॉसओव्हरच्या कामात ढवळाढवळ करत नाही, आणि कोणी अॅम्प्लिफायर चालू असताना पिन ओढली तर डायफ्रॅम वाचतो. मंडळात पिन ओढणारे हात पुष्कळ असतात.

वूफरबद्दल तक्रार नाही. सुमारे ३६ लिटरचा बॉक्स आतली हवा ५८ हर्ट्झला घुमेल असा जुळवला आहे आणि ५० च्या खालचे सगळे कापले आहे, कारण जुळवणीच्या खाली वूफरचा शंकू मोकाट हलतो. मृदंगाच्या कणीक लावलेल्या बाजूचा घुमारा मंडपात पुरेसा भरतो. एका बॉक्सचे वजन १७ किलो भरले.

१६०० ते २५०० हर्ट्झ या पट्ट्यात उभा कोन अजूनही हवा तितका आवरलेला नाही. पाऊस नसताना पत्र्याखालून तो थोडा परत येतो. स्टँडवर बॉक्स किंचित खाली झुकवल्याने बराच फरक पडला. तो पुरता आवरायचा तर १७ ऐवजी २७ सेंटिमीटर उंचीचे चौरस तोंड लागेल आणि मग बॉक्स १० सेंटिमीटरने वाढेल. महिला भजनी मंडळासाठी दुसरी जोडी करायची आहे. तिचे वूफर अजून ठरलेले नाहीत, प्लायही आणलेला नाही. चौरस हॉर्न मात्र आणून ठेवले आहेत आणि बॉक्सची मापे त्यांच्यावरून काढत आहे.