जर्मनीतली युद्धस्मशाने आणि बेवारस ज्यू दफनभूमी : खर्च कोण, कसा करते?

दोन्हींची देखभाल सरकारी पैशातूनच होते, पण पैशाचा आधार वेगळा आहे.

युद्धातील कबरींसाठी 1952 मध्ये कायदा झाला आणि 1965 मध्ये नवा आला. त्यानुसार या कबरींना कायमचे अभय आहे. जर्मनीत साधी कबर साधारण वीस-तीस वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असते आणि मुदत संपली की जागा मोकळी करता येते. म्हणून हे अभय मोठे. या कायद्यात सैनिकांबरोबर छळछावण्यांतले बळी आणि वेठबिगारीत मेलेले परदेशी कामगारही येतात. एसएस या नाझींच्या सशस्त्र संघटनेचे सैनिकही येतात, हे पचायला जड जाते. परदेशातील जर्मन सैनिकांच्या कबरी मात्र 1919 मध्ये स्थापन झालेली फोक्सबुंड ही संस्था पाहते, तीही बरीचशी देणग्यांवर.

ज्यू दफनभूमींचे तसे नाही. ज्यू धर्मात कबर सहसा हलवत नाहीत, पण तिची काळजी घेणारा समाजच नाझींनी संपवला. 1957 मध्ये केंद्र आणि राज्यांनी खर्च निम्मा-निम्मा वाटून घ्यायचे ठरवले. हा समझोता आहे, कायदा नव्हे. पैसा कुंपण, फाटक, वाटा, गवत कापणे आणि कललेले दगड सावरणे यांवर जातो. झिजलेली हिब्रू अक्षरे वाचवायला तो नसतो. ते काम स्थानिक मंडळी आणि इतिहासप्रेमी हौसेने करतात. माझ्या मते इथेही कायदाच हवा होता.