घरी काम केल्यावर एबीएसचा दिवा लागला: आधी मल्टिमीटर की स्कॅनर?

शॉकअप बदलला, चाक आवळलं, जॅक काढला आणि गाडी थोडी पुढे नेली, तर डॅशबोर्डवर एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा. घरी पाने हाती घेणाऱ्यांना हा दिवा कधी ना कधी भेटतोच. चाकाच्या वेगाचा सेन्सर हबजवळ असतो आणि शॉकअप, ब्रेक, बेअरिंग, ॲक्सल यांतलं काहीही उघडलं की हात, पाना किंवा गंजाची पूड त्याच्यापर्यंत पोचतेच. मग प्रश्न पडतो, की दोष शोधायला मल्टिमीटर काढायचा की एबीएस वाचणारा स्कॅनर घ्यायचा? मी दोन्ही वापरले आहेत आणि आज माझा हात आधी स्कॅनरकडे जातो. का, ते सांगतो. तुमची गाडी आणि तुमचं काम वेगळं असेल, तर निर्णयही वेगळा होऊ शकेल.

स्कॅनर म्हणताना इथे एबीएस मॉड्यूलशी, म्हणजे एबीएस चालवणाऱ्या छोट्या संगणकाशी, बोलणारा स्कॅनर धरला आहे. फक्त इंजिनचे कोड, म्हणजे साठवलेले दोष-क्रमांक, वाचणारं छोटं यंत्र या कामाला पुरत नाही. समोर दिवा जळत असतो आणि ते सांगतं, ‘दोष नाही’. घेण्याआधी आपल्या गाडीचं एबीएस ते वाचतं का आणि चारही चाकांचा चालू वेग दाखवतं का, एवढं नक्की विचारून घ्या.

मल्टिमीटरच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. तो बहुतेकांकडे असतोच. जुन्या पद्धतीचा, म्हणजे चुंबक आणि तारेच्या गुंडाळीचा सेन्सर असेल, तर कपलर, म्हणजे तारेची जोडणी, सोडून रोध मोजायचा. साधारण एक-दोन किलोओहम येतो. गाडीगणिक फरक पडतो, म्हणून पलीकडच्या चाकाच्या सेन्सरशी ताडून बघणं उत्तम. मग मीटर एसी व्होल्टवर ठेवून चाक हाताने फिरवलं, की आकडा हलताना दिसतो. तार तुटली असेल, सेन्सर जळला असेल, तर पाच मिनिटांत निकाल.

माझं घोडं नेमकं इथेच अडलं. पुढच्या डाव्या बाजूचा शॉकअप बदलल्यावर दिवा लागला. कोड वाचून घेतला, तो निघाला सी ००३५, म्हणजे पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचं सर्किट. मी कपलर सोडून रोध मोजला, बरोबर. चाक फिरवलं, व्होल्टेज आलं. तार वाकवून, हलवून पाहिली, आकडा स्थिर. कपलर परत लावला, कोड पुसला, दिवा गेला. दोन दिवसांनी परत हजर. मोजमाप बरोबर असूनही मी नवा सेन्सर घातला. पुन्हा दोन दिवस शांतता, पुन्हा दिवा.

मल्टिमीटरचा मला झालेला जाच तो हाच. मोजण्यासाठी कपलर सोडावा लागतो आणि माझ्या गाडीत दोष कपलरमध्येच होता. प्रत्येक वेळी मी तो काढून परत दाबत होतो, त्यामुळे पिना घासून तात्पुरत्या नीट टेकत होत्या. तपासण्याच्या कृतीनेच दोष लपत होता. कपलर न सोडता मागून सुई घालून मोजता येतं, हे खरं. पण त्यात रबरी सील फाटण्याची भीती असते आणि चाकाशेजारच्या कपलरमध्ये पाणी शिरलं, की पिना हिरव्या पडायला वेळ लागत नाही.

शेवटी एका मित्राला स्कॅनर घेऊन शेजारी बसवलं. मोकळ्या मैदानात गाडी हळू चालवली. पडद्यावर चार चाकांच्या चार रेषा एकमेकींना धरून चालल्या होत्या. उजवीकडे पूर्ण वळवलं, काही नाही. बाहेरच्या बाजूची चाकं जरा जास्त वेग दाखवतात, ते तर व्हायलाच हवं. डावीकडे स्टिअरिंग शेवटपर्यंत नेलं आणि पुढच्या डाव्या चाकाची रेषा धाडकन शून्यावर आली. स्टिअरिंग सरळ केलं, रेषा परत जागेवर. तीनदा केलं, तीनदा तेच.

चाक त्याच स्थितीत ठेवून आत टॉर्च मारला, तेव्हा सगळं उघड झालं. सेन्सरच्या तारेवरची रबरी गुंडी शॉकअपच्या ब्रॅकेटमध्ये बसायला हवी होती, ती मी बाहेरच ठेवली होती. नवा सेन्सर घालतानाही तीच चूक केली. पूर्ण वळणावर तार ताठ होऊन कपलर ओढत होती आणि आतल्या एका पिनेचं तोंड फाकलं होतं. बारीक टोकाच्या पकडीने ते आवळलं, गुंडी ब्रॅकेटमध्ये बसवली, दिवा गेला तो गेलाच.

स्कॅनरमध्येही उणिवा आहेत. तो चाक दाखवतो, पण त्या चाकापाशी तार, कपलर, सेन्सर, चाकासोबत फिरणारी आणि सेन्सर वाचतो ती दात्यांची रिंग यांतलं काय बिघडलंय, हे सांगत नाही. कोडमध्ये सेन्सरचं नाव असतं म्हणून लोक थेट सेन्सर बदलतात, मीही बदलला. स्वस्त यंत्रांत आकडे सावकाश बदलतात आणि क्षणभराची तूट निसटते. यावर उपाय म्हणजे पडद्यावर फक्त चार चाकांचे वेग निवडायचे, बाकी सगळं बंद ठेवायचं. अगदी रांगत्या वेगाला जुने सेन्सर शून्यच दाखवतात, त्यावरून निष्कर्ष काढू नका. आणि चालवणाऱ्याने पडद्याकडे पाहू नये. दुसरा माणूस नसेल, तर नोंद साठवून थांबल्यावर बघावी.

गाडी नव्या पद्धतीची, म्हणजे वीजपुरवठ्यावर चालणाऱ्या सेन्सरची असेल, तर पारडं आणखी स्कॅनरकडे झुकतं. अशा सेन्सरचा रोध मोजून काही कळत नाही आणि मीटरच्या प्रवाहाने आतलं सर्किट दुखावू शकतं. मल्टिमीटरने फार तर कपलरपर्यंत वीज येते का, एवढं पाहायचं.

बेअरिंग बदलल्यावर दिवा लागला असेल, तर आधी एक गोष्ट तपासा. पुष्कळ नव्या गाड्यांत बेअरिंगच्या एका सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते आणि ती बाजू सेन्सरकडे यावी लागते. बेअरिंग उलटं दाबलं, की चाक फिरतं छान, पण स्कॅनरवर त्या चाकाचा वेग सुरुवातीपासून शेवटपर्यंत शून्य. सेन्सर कितीही बदला, फरक पडणार नाही. दाबण्याआधी लोखंडी टाचणी दोन्ही सीलजवळ धरून पाहावी. जिथे ती अलगद ओढली जाते, ती बाजू सेन्सरची.

एबीएसचा दिवा एकटा असेल, तर साधे ब्रेक चालतात, फक्त चाकं लॉक होण्यापासूनचं संरक्षण नसतं. सोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर ही तुलना बाजूला ठेवून गाडी उभी करा आणि आधी ब्रेक ऑइल बघा.

तर घ्यायचं काय? हातात मल्टिमीटर असेल, सेन्सर जुन्या पद्धतीचा असेल आणि दिवा कायम लागलेला असेल, तर त्यानेच सुरुवात करा, नवी खरेदी नको. पण दिवा येत-जात असेल, तर माझं मत स्कॅनरला. मल्टिमीटर मी त्यानंतर काढतो, चाक ठरल्यावर. दुरुस्ती झाली की कोड पुसून, ज्या वळणावर रेषा पडत होती त्याच वळणावर गाडी परत फिरवून बघतो. काही गाड्यांत दिवा लगेच विझत नाही. मॉड्यूलला चारही चाकांचा वेग नीट दिसावा लागतो, त्यासाठी थोडं अंतर सरळ चालवावं लागतं.