सीटीएफएल ४.०: परीक्षा चोख, पण परवाना नव्हे

आयएसटीक्यूबी ही सॉफ्टवेअर टेस्टिंगची प्रमाणपत्रं देणारी आंतरराष्ट्रीय संस्था. तिच्या फाउंडेशन लेव्हल (सीटीएफएल) या पहिल्या पायरीच्या परीक्षेचा ४.० सिलॅबस २०२३ मध्ये आला. ४० प्रश्न, ६० मिनिटं, पास व्हायला २६ बरोबर. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. परीक्षेची भाषा तुमची मातृभाषा नसेल तर १५ मिनिटं जादा मिळतात. ती नोंदणी करतानाच मागून घ्या.

अभ्यासाचा वेळ कुठे घालायचा हे गुणवाटपावरून कळतं. टेस्ट डिझाइनच्या चौथ्या प्रकरणावर ११ प्रश्न, नियोजनाच्या पाचव्यावर ९, टूल्सवर जेमतेम २. परीक्षेचा खरा कस चौथ्यात आहे. समजा नियम असा: वय किमान १८. बाउंडरी व्हॅल्यू म्हणजे मर्यादेच्या काठावरची मूल्यं तपासणं. त्याच्या दोन-मूल्य पद्धतीत १७ आणि १८ तपासायचे, तीन-मूल्य पद्धतीत १६ आणि १९ सुद्धा. हे १९ उगाच नाही. कोडमध्ये ‘१८ किंवा जास्त’ऐवजी ‘बरोबर १८’ पडलं, तर १७ आणि १८ दोन्हींचा निकाल बरोबरच येतो. बग सापडतो तो १९ ला. प्रश्नात कोणती पद्धत विचारली आहे ते नीट वाचलं नाही, की येत असलेला गुण जातो. ‘दोन पर्याय निवडा’ म्हटलं असेल तिथे दोन्ही बरोबर हवेत, अर्धा गुण नाही.

२०१८ च्या सिलॅबसचे प्रश्नसंच अजून फिरतात. त्यातलं यूज केस टेस्टिंग (वापरकर्ता सिस्टिम कशी वापरतो त्यावरून चाचण्या काढणं) आता गेलंय. आयएसटीक्यूबीच्या साइटवरचे नमुना पेपर फुकट आहेत, उत्तरांच्या स्पष्टीकरणासकट, तेच सोडवा.

आता खटकणारी बाजू. अनुभवाची अट नाही, नूतनीकरण नाही, प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. याला व्यावसायिक इंजिनिअरचा दर्जा म्हणून खपवणं फारच झालं. अमेरिकेत परवान्याच्या वाटेवरची परीक्षा खरोखरच होती: इंजिनिअरच्या परवान्याच्या परीक्षा घेणाऱ्या एनसीईईएस या संस्थेने २०१३ मध्ये सॉफ्टवेअरची पीई (प्रोफेशनल इंजिनिअर) परीक्षा सुरू केली, सगळ्या फेऱ्या मिळून बसले ८१ जण, आणि एप्रिल २०१९ नंतर ती बंद झाली. पुलाच्या नकाशावर सही-शिक्का लागतो. सॉफ्टवेअरच्या रिलीजवर तो सहसा कुणी मागत नाही. मग परवाना काढणार कोण?

मॅन्युअल टेस्टिंगमध्ये नव्याने शिरणाऱ्यांनी, आणि नोकरीच्या जाहिरातीत सीटीएफएलचं नाव दिसतंय त्यांनी, ही परीक्षा जरूर द्यावी. ऑटोमेशनकडे जायचं असेल तर पैसे दुसरीकडे लावा; इथे कोडची एक ओळही लिहावी लागत नाही.